घटक ६ : काल्पनिक नगराची उभारणी – वाळवंटाच्या काठावरील व्यापारी शहर

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• कल्पित स्थळाच्या वर्णनामागे असावी लागणारी कारणपरंपरा स्पष्ट करणे.
• स्थलनामे आणि व्यवसायनामे कशी घडतात व कशी झिजतात, हे उदाहरणांनी सांगणे.
• दुकान, वेस, तलाव, हवेली यांसारख्या खुणांमधून माणसांचे परस्परसंबंध सूचित करणे.
• स्वतः कल्पिलेल्या नगराचे सुसंगत वर्णन लिहिणे.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात प्रत्यक्ष पाहिलेल्या स्थळाचे वर्णन कसे करावे, याचा आपण विचार केला. या घटकात कोणत्याही नकाशात नसलेले एक शहर शब्दांनी उभे करायचे आहे. त्यासाठी वाळवंटाच्या काठावरचे व्यापारी शहर हा विषय निवडला आहे. या निवडीमागे एक कारण आहे. पाण्याची ददात नसलेल्या प्रदेशात वस्ती अनेक ठिकाणी होऊ शकते. वाळवंटाच्या काठी मात्र विनाकारण काहीच टिकत नाही. तेथे घर असेल तर जवळ पाणी असते, दुकान असेल तर त्याला गिऱ्हाईक असते आणि वाट असेल तर तिच्या दोन्ही टोकांना कोणाची तरी गरज असते. म्हणून कल्पनेला शिस्त लावण्यास हा विषय उपयुक्त ठरतो.

असा विषय मिळाला की पुष्कळदा 'सोनेरी वाळू', 'उंटांचे काफिले', 'गजबजलेला बाजार', 'गूढ हवेल्या' असे शब्द ओळीने कागदावर येतात. यांतला एकही शब्द चुकीचा नाही. तथापि त्यांतून उभे राहणारे शहर पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. तेथे राहणाऱ्याला वाळू सोनेरी दिसत नाही. ती त्याला रोज सकाळी उंबऱ्यावरून झाडून काढावी लागते. आपल्याला राहणाऱ्याचे शहर लिहायचे आहे. त्यासाठी प्रथम एक वास्तव शहर पाहू, नंतर शब्दांकडे वळू आणि शेवटी एक कल्पित नगर उभारू.

६.२ 'काठ' म्हणजे काय?

नदीला काठ असतो, तसा वाळवंटालाही असतो. भूगोलाच्या दृष्टीने ती हळूहळू बदलत जाणारी पट्टी असेल. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र काठ म्हणजे वाहन बदलण्याची जागा. बैलगाडी जेथपर्यंत येऊ शकते तेथे ती थांबते आणि माल उंटाच्या पाठीवर चढतो. माल उतरला की तो ठेवायला वखार लागते. वखार आली की राखणदार येतो. मोजणी आली की तराजू येतो, तराजू आला की वाद येतो आणि वाद मिटवायला चारचौघे मानतील असा मनुष्य लागतो. एवढ्यातून शहराचा गाभा तयार होतो.

पश्चिम आफ्रिकेतील तिंबक्तू हे याचे ठळक उदाहरण आहे. सहारा वाळवंट आणि नायजर नदीचे वळण जेथे जवळ येतात, तेथे हे शहर वसले. वाळवंटातील खाणींमधून मिठाच्या मोठ्या लाद्या उंटांवरून येत आणि पुढे नदीमार्गे नावांनी जात. उंट आणि नाव यांची जेथे गाठ पडते, ते तिंबक्तू.

या विचाराचा लेखनात कसा उपयोग होतो, ते पाहा. घोड्याला आणि बैलाला नाल ठोकतात. उंटाचा पाय मऊ, पसरट असतो, त्याला नाल ठोकीत नाहीत. म्हणजे तुमच्या नगरात नालबंदाचे दुकान असेल, तर ते ज्या बाजूने घोडे व बैल येतात त्या बाजूच्या वेशीजवळ असणार. वाळवंटाकडच्या वेशीजवळ पखाली शिवणारे आणि दोरखंड विकणारे बसतील. दुकानांच्या जागा अशा गरजेतून ठरल्या, की नकाशा न काढताही वाचकाला दिशा कळू लागतात.

६.३ एक वास्तव उदाहरण : जैसलमेर

राजस्थानातील जैसलमेर हे थरच्या वाळवंटातील शहर भाटी राजपूत रावळ जैसल याने इ. स. ११५६ मध्ये वसविले, अशी परंपरा आहे. त्रिकूट नावाच्या टेकडीवर पिवळ्या वालुकाश्मात बांधलेला त्याचा किल्ला आजही वस्तीने भरलेला आहे. सिंधकडे आणि त्यापलीकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांवर हे शहर होते. त्या व्यापारातून आलेल्या संपत्तीची साक्ष तेथील हवेल्या देतात.

'पटवों की हवेली' या नावाने ओळखला जाणारा पाच हवेल्यांचा समूह एकोणिसाव्या शतकात गुमानचंद पटवा आणि त्यांच्या मुलांसाठी उभा राहिला. 'पटवा' हे मुळात व्यवसायनाम आहे : रेशीम व जरीच्या धाग्यांचे काम करणारा तो पटवा. नथमलच्या हवेलीचे दोन अर्धे भाग दोन भावांनी कोरले, असे सांगितले जाते. दोन्ही बाजू दुरून सारख्या दिसतात; जवळ गेल्यावर तपशील निराळे आढळतात.

शहराचा प्राण मात्र हवेल्यांत नव्हता. तो गडीसर तलावात होता. शतकानुशतके शहराला पाणी पुरविणाऱ्या या तलावाच्या वाटेवर 'टिलों की पोल' नावाची सुंदर कमान आहे. ती टिलों नावाच्या एका गणिकेने बांधविली, अशी दंतकथा आहे. गणिकेने बांधलेल्या दरवाजातून राजकुळातील स्त्रियांनी जाणे अयोग्य, म्हणून तो पाडण्याची भाषा होऊ लागली. तेव्हा तिने कमानीवर कृष्णाचे मंदिर उभारले आणि मग त्याला हात लावण्याचे धैर्य कोणाला झाले नाही, असे लोक सांगतात. कथा ऐतिहासिकदृष्ट्या किती खरी, हा आपला प्रश्न नाही. एखादी वास्तू नुसत्या आकाराने शहराची खूण बनत नाही, हे आपल्याला तिच्यातून शिकायचे आहे. कोणाला तेथून जाऊ द्यायचे आणि कोणाला नाही, असा झगडा तिच्याशी जोडलेला असला, तर ती लोकांच्या लक्षात राहते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. व्यापाऱ्याच्या दृष्टीने 'वाळवंटाचा काठ' म्हणजे काय?
२. 'टिलों की पोल' ही जैसलमेरची खूण का ठरली, ते दोन वाक्यांत सांगा.

६.४ नावे कशी घडतात?

कल्पित नगराला नाव देताना केवळ कानाला गोड वाटणारी अक्षरे जुळवू नयेत. खऱ्या स्थलनामांना अर्थ असतो आणि तो बोलणाऱ्यांच्या तोंडी झिजलेला असतो. 'जैसलमेर' या नावातील 'मेर' म्हणजे 'मेरु', अर्थात पर्वत : जैसलचा मेरु. 'अजमेर' हे नावही 'अजयमेरु' याचेच झिजलेले रूप. 'गडीसर' मधील 'सर' म्हणजे सरोवर; रावळ गडसीसिंह याच्या नावाशी ते जोडलेले आहे. 'पोल' हा शब्द संस्कृत 'प्रतोली' पासून आला. जैसलमेरच्या किल्ल्याच्या सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल या दरवाजांत तो आढळतो. अहमदाबादेतील दरवाजाबंद वस्त्यांना 'पोळ' म्हणतात, तो याच शब्दाचा सोयरा.

यावरून तीन नियम हाती लागतात. पहिला, नावाचा एक घटक भूगोल सांगतो (मेर, सर) आणि दुसरा बहुधा माणूस किंवा प्रसंग. दुसरा, पिढ्यान्‌पिढ्या उच्चारताना नाव आखूड होते. तिसरा, अर्थ विसरला गेला की लोक त्या नावासाठी नवी कथा रचतात. कल्पित नगरात या तिन्ही क्रिया घडलेल्या दाखविल्या, तर नगराला वय प्राप्त होते.

६.५ दुकानांचे शब्द : बाजाराचा भाषिक इतिहास

मराठीत बाजाराविषयी लिहिताना आपण जे शब्द वापरतो, तेच मुळी दूरच्या वाटा चालून आलेले आहेत. 'बाजार' आणि 'तराजू' हे फारसी. 'दुकान', 'सराफ', 'दलाल', 'हमाल', 'अत्तार' हे अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले. यांच्या शेजारी 'हाट' (हट्ट), 'सोनार' (सुवर्णकार), 'कासार' (कांस्यकार), 'तांबट' (ताम्रकुट्ट) हे संस्कृतातून प्राकृतामार्गे आलेले शब्द नांदतात. हत्यार चालवून वस्तू घडविणाऱ्यांची ही जुनी नावे, आणि पैसा, वाहतूक व देवघेव यांच्याशी संबंधित पुष्कळ नावे बाहेरून आलेली, अशी ही वाटणी सरसकट नसली तरी विचार करण्याजोगी आहे.

अर्थांतरेही पाहा. 'सराफ' म्हणजे मुळात नाणी पारखून बदलून देणारा. आज मराठीत तो सोन्याचांदीचा व्यापारी झाला. 'दलाल' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ 'वाट दाखविणे' असा आहे. आज या शब्दाला उणेपणाची छटा आली आहे. वाळवंटाच्या काठावरच्या शहरात मात्र ही दोन्ही माणसे आपल्या मूळ अर्थाने जगतात. तेथे दोन मुलखांची नाणी भेटतात, म्हणून सराफ हवा. आणि अनोळखी व्यापाऱ्याला बाजाराची वाट दाखविणारा हवा, म्हणून दलाल.

बाजाराची भाषा ही हक्कांचीही भाषा असते. सिरियाच्या वाळवंटातील पाल्मायरा या व्यापारी नगरात इ. स. १३७ मध्ये एक करविषयक कायदा दगडावर कोरला गेला. तो ग्रीक आणि स्थानिक आरामाईक अशा दोन भाषांत आहे. उंटाचे ओझे आणि गाढवाचे ओझे यांवर निरनिराळा कर, सुगंधी तेल दगडी भांड्यातून आणले तर एक दर आणि कातडी पिशवीतून आणले तर दुसरा, इतक्या बारकाईने तो लिहिलेला आहे. व्यापारी आणि करवसुली करणारे यांच्यात वारंवार तंटे होत, म्हणून दर कोरून ठेवण्याचे ठरले, असे कारणही त्यात नमूद आहे. ज्याला राजभाषा येत नाही त्यालाही आपल्याकडून किती घेतले जावे हे वाचता यावे, एवढे सामर्थ्य त्या दुसऱ्या भाषेत होते. तुमच्या नगरातील पाट्या, फलक, हिशेब कोणत्या भाषेत असतील आणि त्या कोणाला वाचता येणार नाहीत, हा प्रश्न लेखनापूर्वी स्वतःला अवश्य विचारा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. 'सराफ' व 'दलाल' या शब्दांचे मूळ अर्थ व आजचे अर्थ यांतील फरक सांगा.
२. तुमच्या गावातील एखाद्या आळीचे किंवा चौकाचे नाव घेऊन त्यातील घटक सुटे करा.

६.६ वाट बदलते तेव्हा

व्यापारी शहर वाटेवर जगते. म्हणून वाट बदलली की ते आजारी पडते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदराचे महत्त्व वाढले, रेल्वे आली, आणि जैसलमेरवरून जाणारा माल समुद्रमार्गाकडे वळू लागला. १९४७ च्या फाळणीने सिंधकडे जाणाऱ्या जुन्या वाटा सीमारेषेने तोडल्या. राजस्थानातील व्यापारी कुटुंबे देशभर विखुरली. महाराष्ट्रातील कित्येक बाजारपेठांत त्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. त्या पेढ्यांच्या पाठीमागे कोठेतरी एक बंद हवेली आहे, ही गोष्ट आपल्या लेखनात क्वचितच येते.

जैसलमेरपासून थोड्या अंतरावरील कुलधरा या गावाचे उदाहरणही लक्षात घ्या. पावसाचे वाहते पाणी बांध घालून अडविणे आणि त्या ओलीवर पीक घेणे, ही 'खडीन' पद्धती पालीवाल ब्राह्मणांनी तेथे कौशल्याने वापरली. पुढे हे गाव ओस पडले. जुलमी दिवाणाच्या जाचामुळे सारे एका रात्रीत निघून गेले, असे दंतकथा सांगते. अभ्यासक आटत गेलेल्या पाण्यासारख्या कारणांकडेही बोट दाखवितात. लेखकाने यांपैकी एकच कारण निवडण्याची घाई करू नये. माणसे गाव सोडतात तेव्हा बहुधा अनेक कारणे साचलेली असतात आणि मागे राहणारी कथा त्यांतले एकच सांगते.

तात्पर्य, तुमच्या नगराचे वैभव लिहिताना ते कशावर अवलंबून आहे आणि कशाने संपू शकेल, हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. मजकुरात ते उघड सांगण्याची गरज नाही.

६.७ नमुना उतारा : सांडणसर

आता वरील तत्त्वे उपयोगात आणून रचलेला एक उतारा वाचा. नगराचे नाव 'सांडणसर' असे कल्पिले आहे : सांडणी (स्वारीची उंटीण) + सर. मूळ 'सांडणीसर' मधील 'णी' चा स्वर लोकांच्या तोंडी गळून गेला, असे मानले आहे.

"सांडणसरात पूर्वेकडून शिरले की प्रथम नालबंदांची आळी लागते आणि पश्चिमेकडून शिरले की पखालीवाल्यांची. दोन आळ्यांच्या मधोमध तोलचौक आहे. पूर्वेचा माल गाड्यांवरून उतरतो, पश्चिमेचा उंटांवरून. दोन्ही एकाच काट्यावर चढतात. चौकाच्या उत्तरेला सराफांच्या चार गाद्या आहेत. तीन गाद्यांवर नाणी बदलून मिळतात. चौथ्या गादीवर उधार मिळते, पण ती तलाव भरलेल्या वर्षीच उघडते.

समोर अत्ताराचे दुकान. अत्तर तो लग्नसराईत विकतो. एरवी वाळूने चुरचुरणाऱ्या डोळ्यांसाठी गुलाबपाणी देतो आणि दूरदेशीहून आलेली पत्रे वाचून दाखवितो. वाचण्याचे पैसे तो घेत नाही. पत्र ऐकून कोणी काही खरेदी न करता उठले, तर त्याला हाकही मारीत नाही.

तलावाची वाट चौकातून निघत नाही. ती पखालीवाल्यांच्या मागून, भिंतीला धरून जाते. तलावाच्या वेशीवर कोणा राजाचे नाव कोरलेले आहे; सगळे तिला घागरवेस म्हणतात. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी सातवीवर एक खूण आहे. पाणी तिच्याखाली गेले, की तोलचौकात भाव विचारण्याआधी माणसे एकमेकांना विचारतात, 'पाणी कुठवर आहे?'

तहानलेल्या सांडणीने पायाने जमीन उकरली, ओल लागली आणि तेथे शहर वसले, असे काफिलेवाले सांगतात. विहिरी खणणारे ही गोष्ट शांतपणे ऐकून घेतात. मग त्यांच्यातला एखादा म्हणतो, 'ओल सांडणीने दाखवली असेल. चाळीस हात खाली कोण उतरलं?'"

६.८ उताऱ्याचे विश्लेषण

या उताऱ्यात 'सुंदर', 'भव्य', 'गूढ' यांपैकी एकही विशेषण नाही. चौथी गादी केव्हा उघडते, हे सांगितल्याने सराफाची सावधगिरी आणि शहराचे पाण्यावरील अवलंबन एकाच वाक्यात येते. अत्ताराच्या वर्तनातून शहरातील किती माणसे परगावी गेली आहेत आणि किती घरांत अक्षरओळख नाही, हे कळते. वेशीची दोन नावे आहेत : एक कोरलेले, एक बोलले जाणारे. राजाने दगड दिला. नाव मात्र घागरी वाहणाऱ्या स्त्रियांमुळे पडले.

शेवटचा परिच्छेद विशेष लक्षपूर्वक वाचा. शहराच्या नावात सांडणीला स्थान मिळाले, विहीर खणणाऱ्याला मिळाले नाही. स्थलनामांत अनेकदा असेच घडते : राजा राहतो, देव राहतो, प्राणीदेखील राहतो, ज्याच्या श्रमावर वस्ती उभी राहिली तो मनुष्य नावातून निसटतो. इतिहासकाराला पुराव्याशिवाय त्याला परत आणता येत नाही. कल्पित नगर लिहिणाऱ्याला ती मुभा आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही मोठी आहे. नगर तुमचे आहे. त्यात कोणाला बोलू द्यायचे, हे तुम्हीच ठरविणार आहात.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, दुकान, शेती किंवा घरकाम सांभाळून हा अभ्यास करीत आहेत. उधारी कोणाला द्यावी, मालाची तूट कशी लपविली जाते, पाण्याच्या रांगेत कोण पुढे घुसते, हे तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. हा अनुभव लेखनाच्या आड येणारा नाही. तोच तुमचे भांडवल आहे. वाळवंट न पाहिलेल्या लेखकालाही तहान आणि तराजू ठाऊक असतात.

६.९ सारांश

वाळवंटाच्या काठावरील व्यापारी शहर हे वाहन बदलण्याच्या जागेतून आकाराला येते. पाणी, वाट, माल, व्यवसाय आणि शब्द या क्रमाने विचार केल्यास कल्पित नगर सुसंगत होते. स्थलनामांत भूगोल आणि स्मृती यांचा संयोग असतो. वापराने ती झिजतात आणि त्यांच्याभोवती कथा जमतात. बाजारातील मराठी शब्दांत व्यापाराचा इतिहास साठलेला आहे. शहराच्या खुणा निव्वळ प्रेक्षणीय नसाव्यात. त्यांतून माणसांची गरज, हक्क आणि विस्मरण व्यक्त व्हावे.

६.१० शब्दार्थ

काफिला : एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा तांडा.
पखाल : पाणी वाहण्याची कातडी पिशवी.
नालबंद : जनावरांच्या खुरांना नाल ठोकणारा कारागीर.
खडीन : पावसाचे पाणी बांधाने अडवून त्या ओलीवर शेती करण्याची थरमधील पद्धती.
व्यवसायनाम : व्यवसायावरून पडलेले नाव.

६.११ स्वयं-अध्ययन प्रश्नांसाठी सूचना

प्रश्न १ : (१) वाहन बदलण्याची जागा या कल्पनेच्या आधारे उत्तर लिहा, तिंबक्तूचे उदाहरण द्या. (२) दंतकथेतील झगडा आणि कमानीवरील मंदिर यांचा उल्लेख करा.
प्रश्न २ : (१) ६.५ मधील दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. (२) भूगोल, व्यक्ती, व्यवसाय, प्रसंग यांपैकी कोणते घटक आढळतात ते पाहा. वडीलधाऱ्यांना त्या नावाची कथा विचारा आणि ती जशीच्या तशी टिपून ठेवा.

६.१२ सरावासाठी स्वाध्याय

१. 'कल्पित नगराची विश्वसनीयता कारणपरंपरेवर अवलंबून असते.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा. (३०० शब्द)
२. सांडणसरच्या वर्णनात एका दुकानाची भर घाला. ते दुकान कोणत्या आळीत आहे, तेथे कोण येते आणि कोणाला तेथे येता येत नाही, हे विशेषणे न वापरता सूचित करा. (१५० शब्द)
३. सांडणसरवरून जाणारी वाट बंद झाल्यानंतर वीस वर्षांनी तोलचौक कसा असेल, याचे वर्णन अत्ताराच्या मुलीच्या तोंडून लिहा. (४०० शब्द)
४. क्षेत्रकार्य : जवळच्या आठवडी बाजारात जाऊन मोजमाप, भाव आणि उधारी यांसाठी वापरले जाणारे किमान पंधरा शब्द नोंदवा. ते कोणी, कोणाला उद्देशून वापरले, हेही लिहा. शब्द 'शुद्ध' करू नका. जसे ऐकले तसे लिहा.